जुना गेम नव्या रूपात घ्यायचा की सरळ नवीन आरपीजी? बेळगाव-खानापूरकडच्या पोरांसाठी सविस्तर गाईड

२०२५ च्या एप्रिलमध्ये दोन दिवसांच्या अंतरानं दोन मोठे आरपीजी (आपलं पात्र घडवत मोठी कथा खेळायचे गेम) आले. २२ तारखेला ‘ओब्लिव्हियन रिमास्टर्ड’, म्हणजे २००६ चा गेम नव्या चेहऱ्यानं, जाहीर केला आणि त्याच दिवशी विकायला पण ठेवला. २४ तारखेला ‘क्लेअर ऑब्स्क्युअर: एक्सपिडिशन ३३’, फ्रान्सच्या माँपेलिएमधल्या सँडफॉल स्टुडिओचा पहिलाच गेम, आणि त्यानं डिसेंबरमध्ये द गेम अवॉर्ड्सचा ‘वर्षातला सर्वोत्तम गेम’ हा मान पण नेला. तेव्हापासून टिळकवाडीत, शहापुरात, खानापुरात ज्यानं ज्यानं नवीन लॅपटॉप घेतलाय ते सगळे हेच विचारायल्यात, पैसे एकाच गेमचे आहेत, कुठला घेऊ? आणि प्रश्न ह्या दोघांपुरता नाही, ‘स्कायरिम’ की ‘बाल्डर्स गेट ३’, ‘डार्क सोल्स रिमास्टर्ड’ की ‘सायबरपंक’, सगळीकडे तोच घोळ.

माझं मत आधीच सांगून टाकतो. ग्राफिक्स बघून ठरवू नका. रिमास्टरचं चित्र नवीन असतं पण नियम बहुतेक त्याच्या जन्मवर्षाचेच असतात, आणि पन्नास तास तुम्ही खेळणार ते नियमच, चित्राची सवय तर दुसऱ्या दिवशीच होते. त्यामुळं खाली ज्या क्रमानं सांगतोय त्या क्रमानंच बघत जा, मधलं काही सोडू नका.

पहिलं काम: नेमकं काय बदललंय ते शोधा

रिमास्टर म्हणून जे विकलं जातं त्यात खूप फरक असतो. ‘स्कायरिम स्पेशल एडिशन’ (२०१६) आणि ‘डार्क सोल्स रिमास्टर्ड’ (२०१८) हे दोन्ही मुळात २०११ चेच गेम, चित्र साफ केलं, फ्रेम (सेकंदाला किती चित्रं दिसतात ते) सुधारल्या, बाकी सगळं जवळजवळ तेच. ‘डायब्लो २ रिसरेक्टेड’ (२०२१) मध्ये तर चालू गेममध्ये एक बटण दाबलं की सन २००० मधलं जुनं चित्र समोर येतं, कारण खाली जुनाच गेम चाललेला असतो आणि वर फक्त नवीन चित्र काढलंय. ‘मास इफेक्ट लेजेंडरी एडिशन’ (२०२१) मध्ये तीन गेम एकत्र आहेत, त्यातल्या पहिल्या भागाची नेमबाजी आणि ती डुगडुगणारी माको गाडी सुधारलीय, पुढच्या दोन भागांना तेवढी गरज नव्हती. आणि ‘फायनल फँटसी ७ रीमेक’ (२०२०) हा रिमास्टर नाहीच, तो पहिल्यापासून नव्यानं बांधलेला गेम आहे आणि त्यात १९९७ च्या कथेतला फक्त मिडगार शहराचा भाग येतो. हे माहीत नसताना जे लोक पूर्ण कथा मिळेल म्हणून घेतात ते शेवटाला नाराज होतात.

ओब्लिव्हियनबद्दल जरा जास्त सांगतो, कारण विचारणारे सगळ्यात जास्त त्याचंच विचारतात. चित्र अनरियल इंजिन ५ हे नवं इंजिन (गेम चालवणारं सॉफ्टवेअर) काढतं, पण खालची सगळी गणितं, माणसं कुठं जातात, वस्तू कशा पडतात, क्वेस्ट (गेममधली कामगिरी) कशा चालतात, हे अजून जुनं इंजिनच सांभाळतं. त्यामुळं गावातली माणसं अजून तशीच विचित्र थांबून थांबून बोलतात, समजावण्याचा तो चक्राचा मिनीगेम पण आहेच.

बदललंय ते लेव्हल वाढायचं गणित. २००६ मध्ये तुम्ही सुरुवातीला निवडलेली मुख्य कौशल्यं वाढली तरच लेव्हल वाढायची आणि तुमच्या लेव्हलबरोबर शत्रू पण वाढायचे, मग कुणी पळणं आणि उड्या मारणं हीच मुख्य कौशल्यं घेतली असतील तर नुसत्या उड्या मारून लेव्हल वाढायची, तलवार चालवणारा हात तिथल्या तिथं, आणि समोरचे चोर मात्र दुप्पट ताकदीचे. ह्या एका गोष्टीमुळं किती जणांनी तो गेम अर्ध्यात टाकला! रिमास्टरमध्ये सगळी कौशल्यं लेव्हलला हातभार लावतात आणि प्रत्येक लेव्हलला १२ गुण मिळतात ते तुम्ही पाहिजे तिथं वाटायचे. पळण्यासाठी स्प्रिंट पण आलाय, तो जुन्यात नव्हता. पण शत्रू तुमच्याबरोबर वाढतात हे अजून तसंच आहे, खूप पुढं गेल्यावर रस्त्यावरचा साधा लुटारू सुद्धा महागडं काचेचं चिलखत घालून येतो आणि थोड्या सोन्यासाठी अडवतो. हे ज्याला चालतं त्याच्यासाठी हा गेम सोनं आहे, ज्याला ‘मी मोठा झालो तर जुने शत्रू लहान वाटले पाहिजेत’ असं वाटतं त्यानं दोनदा विचार करावा.

शोधायचं कसं? ट्रेलर बघू नका. यूट्यूबवर गेमचं नाव आणि पुढं ‘नो कॉमेंट्री’ टाका, आणि लांब व्हिडिओच्या मधली कुठलीही वीस मिनिटं बघा, सुरुवात नाही. त्यात तीन गोष्टींवर नजर ठेवा: माणूस मेनूमध्ये किती वेळ घालवतोय, एका जागेहून दुसरीकडे चालत किती जातोय, आणि बोलणी कशी चालतात. वीस मिनिटं बघताना तुम्ही हात दुसऱ्या कशाला लावला, मोबाईल उचलला, तर समजा की हा गेम तुमचा नाही.

दुसरं: मशीन

इथं बहुतेकांची गल्लत होते. जुना गेम म्हणजे हलका, असं धरून चालतात. उलटं आहे बघा. ओब्लिव्हियन रिमास्टर्डला कमीत कमी जीटीएक्स १०७० टीआय हे ग्राफिक कार्ड, १६ जीबी रॅम आणि १२५ जीबी जागा लागते, ती पण एसएसडीवर. एक्सपिडिशन ३३ नवाकोरा, तरी त्याला कमीत कमी जीटीएक्स १०६० (६ जीबीवालं), ८ जीबी रॅम आणि साधारण ५५ जीबी जागा. म्हणजे ह्या जोडीत जुना गेमच जास्त खातो. आणि ओब्लिव्हियनमध्ये शहराबाहेर मोकळ्या रानात फिरताना झटके बसतात ही तक्रार भारी मशीनवाल्यांनी पण केली होती.

आपल्याकडं कॉलेजच्या पोरांकडं जे लॅपटॉप असतात त्यात जास्त करून जीटीएक्स १६५० किंवा आरटीएक्स ३०५०. आधी कंट्रोल-शिफ्ट-एस्केप दाबून टास्क मॅनेजर उघडा, परफॉर्मन्समध्ये जीपीयूवर जा, तिथं डेडिकेटेड मेमरी किती आहे ती लिहून घ्या. ४ जीबी असेल तर वरचे दोन्ही गेम आज तुमच्यासाठी नाहीत, सगळं लो करून, अपस्केलिंग (लहान चित्र ताणून मोठं दाखवणं) लावून चालतील कदाचित, पण धुरकट चित्र आणि झटके घेऊन पन्नास तास बसायचं हे काय खेळणं झालं? अशा मशीनवर ‘विचर ३’ छान चालतो (२०१५ चा आहे, २०२२ च्या डिसेंबरमध्ये फुकट नवा अपडेट आला, तो जड वाटला तर सुरू करताना डायरेक्टएक्स ११ निवडायचं), ‘स्कायरिम स्पेशल एडिशन’ तर आरामात, ‘डार्क सोल्स रिमास्टर्ड’ पण. ‘बाल्डर्स गेट ३’ कमी सेटिंगवर चालतो, त्याच्या तिसऱ्या अंकात मोठं शहर येतं तिथं मात्र फ्रेम पडतात, आणि १५० जीबी जागा आधी मोकळी करावी लागते.

ग्राफिक कार्डच नसलेला साधा ऑफिसचा लॅपटॉप असेल तरी हिरमुसू नका. मूळ २००६ चा ओब्लिव्हियन अजून विकत मिळतो, त्याला ५१२ एमबी रॅम आणि ५ जीबीच्या आत जागा एवढंच लागायचं, आजचा कुठलाही लॅपटॉप तो पळवतो. १९९८ च्या पहिल्या ‘बाल्डर्स गेट’ची एनहान्स्ड एडिशन आणि ‘फायनल फँटसी’च्या पहिल्या सहा भागांचे पिक्सेल रिमास्टर पण तसेच. रिमास्टर की नवीन ह्या भांडणात मूळ जुना गेम हा तिसरा रस्ता असतो हे कुणी सांगतच नाही, आणि तो बहुतेक वेळा सगळ्यात स्वस्त पण असतो.

रॅम पुढं वाढवता येते, लॅपटॉपचं ग्राफिक कार्ड नाही. त्यामुळं अडचण रॅमचीच असेल तर खडेबाजारात किंवा जिथं तुमचा नेहमीचा माणूस आहे तिथं जाऊन लॅपटॉप उघडून स्लॉट मोकळा आहे का ते आधी बघून घ्या.

तिसरं: नेट आणि लाइट

हिशोब सोपा आहे. १२५ जीबी, ५० एमबीपीएस फायबर असेल तर साडेपाच-सहा तास. १० एमबीपीएस असेल तर एका दिवसापेक्षा जास्त. मोबाईलचा रोजचा २ जीबी डेटा हॉटस्पॉट करून घेणार असाल तर दोन महिने, म्हणजे विषयच संपला, तिथं स्कायरिमचे १२ जीबी सहा दिवसात उतरतात. जांबोटी-कणकुंबीच्या बाजूला राहणाऱ्यांनी हे आधी बघावं, मग रिव्ह्यू.

एक मार्ग मात्र आहे. स्टीम ह्या गेम विकणाऱ्या ऑनलाइन दुकानाच्या ॲपमध्ये २०२३ पासून एकाच वायफायवरच्या दोन मशीनमध्ये गेम सरळ कॉपी होतो. शहरात राहणाऱ्या मित्राकडं तो गेम इन्स्टॉल असेल तर लॅपटॉप घेऊन त्याच्या घरी जायचं, दोघांनी स्टीमच्या डाउनलोड सेटिंगमध्ये लोकल ट्रान्सफर चालू करायचं आणि मित्रांना परवानगी द्यायची, मग तुमच्या अकाउंटवर विकत घेतलेला गेम इंटरनेटऐवजी त्याच्या मशीनवरून येतो. थोडंफार नेट लागतं, पण १२५ जीबी नाही.

आता लाइटचं. पावसाळ्यात खानापूर तालुक्यात लाइट कधी जाईल सांगता येत नाही, शहरात पण जाते. त्यामुळं गेम सेव्ह कसा होतो हे मी ग्राफिक्सच्या आधी बघतो. ओब्लिव्हियन, स्कायरिम, बाल्डर्स गेट ३ मध्ये एफ ५ दाबलं की लगेच सेव्ह. विचर ३ आणि सायबरपंकमध्ये लढाई चालू असताना सेव्ह होत नाही, म्हणून मोठ्या लढाईच्या आधी हातानं सेव्ह करायची सवय लावा. डार्क सोल्सला तर पॉजच नाही, आईनं हाक मारली तरी शत्रू थांबत नाही! डेस्कटॉपवाल्यांनी यूपीएसशिवाय ह्या वाटेला जाऊच नये. आणि नेट नसताना खेळून नंतर नेट आल्यावर स्टीम विचारतं की क्लाउडवरचा सेव्ह ठेवू की मशीनवरचा, तिथं घाईनं बटण दाबू नका, तारीख-वेळ वाचून जो नवीन आहे तो ठेवा.

चौथं: तुमची संध्याकाळ केवढी आहे

कामावरून किंवा कॉलेजवरून येऊन रात्री जेवल्यावर तासभर मिळतो, रविवारी जरा जास्त. ह्या तासाभरात गेमनं काहीतरी पूर्ण करून दिलं पाहिजे. एक्सपिडिशन ३३ ची मुख्य कथा साधारण तीस तासांत होते, रस्ता ठरलेला आहे, एक तास खेळलं की कथा पुढं सरकलेली दिसते. ओब्लिव्हियनची मुख्य कथा पण फार लांब नाही, पण तो गेम मुख्य कथेसाठी कुणी खेळतच नाही, चोरांची संघटना, मारेकऱ्यांची संघटना, ‘शिव्हरिंग आइल्स’चं ते वेडं बेट, त्यातच खरी मजा, आणि एका तासात तुम्ही फक्त रस्त्यात दिसलेल्या दोन गुहा बघून परत येता. ते पण सुंदरच आहे, पण ज्याला शेवट बघायची ओढ असते त्याला ते अर्धवट वाटतं. बाल्डर्स गेट ३ ला सत्तर-ऐंशी तास सहज जातात आणि पंधरा दिवसांचा खंड पडला की कुणाला काय वचन दिलं होतं ते आठवत नाही. गणपतीत मंडळाचं काम करणारे असाल तर हा गेम श्रावणात सुरू करू नका, विसर्जन झाल्यावर करा.

पाचवं: इंग्रजी वाचायचा वेग

हे फार कमी लोक बोलतात आणि माझ्या मते आपल्याकडं हे सगळ्यात महत्त्वाचं आहे. घरात मराठी, बाहेर कन्नड, आणि गेममध्ये इंग्रजी, ती पण जुन्या राजेरजवाड्यांच्या वळणाची. मराठी माध्यमातून शिकलेल्या हुशार पोरांना मी बघितलंय, संवाद वाचून संपायच्या आत ओळ गेलेली असते आणि मग ते कथा सोडून नुसती मारामारी करत बसतात, आणि म्हणतात आरपीजी बोअर असतात. गेम बोअर नव्हता, त्यानं वाचायला वेळ दिला नाही.

म्हणून बघा की संवाद तुमच्या बटणाची वाट बघतो का. बाल्डर्स गेट ३ मध्ये उत्तर निवडायला पाहिजे तेवढा वेळ असतो, लढाई पण पाळीपाळीनं, गेमच्या नियमातल्या शब्दावर माउस ठेवला की अर्थ समोर. जुने बाल्डर्स गेट तर वाचण्याचेच गेम, अक्षरं मोठी करता येतात आणि लढाई पॉज करून विचार करता येतो. एक्सपिडिशन ३३ मध्ये कथा सिनेमासारखी डोळ्यासमोर घडते. दरवर्षी ‘पेंट्रेस’ नावाची गूढ बाई एक आकडा लिहिते आणि त्या वयाची सगळी माणसं नाहीशी होतात, ह्या वर्षी आकडा ३३, आणि हे एवढं कळलं की पुढचं अर्धं चेहऱ्यांवरूनच कळतं. मेनूमधल्या कौशल्यांची वर्णनं मात्र नीट वाचावी लागतात. सबटायटल पहिल्या मिनिटाला चालू करा, अक्षरांचा आकार वाढवता येत असेल तर वाढवा, आणि लहान भावाला शेजारी बसवून मराठीत सांगत खेळलात तर कथा तुमच्या पण जास्त लक्षात राहते, हे मी अगदी मनापासून सांगतोय.

सहावं: विकत घेणं आणि दोन तासांची परीक्षा

स्टीमवर घेतल्यापासून १४ दिवसांच्या आत आणि २ तासांपेक्षा कमी खेळला असेल तर पैसे परत मिळतात. गॉग ह्या दुसऱ्या ऑनलाइन दुकानात ३० दिवस. ह्या दोन तासांचा नीट वापर करा. पात्राचा चेहरा बनवण्यात तास घालवू नका, तयार चेहरा घ्या आणि पुढं चला. पहिल्यांदा उघडल्यावर शेडर (चित्र काढायची तयारी) तयार होत असताना स्क्रीनवर जो वेळ जातो तो पण मोजला जातो हे ध्यानात ठेवा. ओब्लिव्हियनमध्ये तुरुंग आणि गटाराचा भाग पटकन उरकून बाहेर मोकळ्या रानात या, कारण झटके बसतात का ते तिथंच कळतं. एक्सपिडिशन ३३ ची सुरुवात हळू आहे, शहरातला पहिला भाग संपवून खऱ्या लढायांपर्यंत पोचा. विचर ३ चं पहिलं छोटं गाव म्हणजे अख्ख्या गेमचा नमुनाच आहे. दीड तास झाला की थांबा, बंद करा, आणि उद्या संध्याकाळी परत उघडावंसं वाटतं का ते बघा. नाही वाटलं तर सरळ परत करा, त्यात लाजायचं काही नाही.

इन्स्टावर शंभर-दोनशे रुपयात ‘अकाउंट’ विकणारे असतात त्यांच्या नादाला लागू नका. ते अकाउंट तुमचं नसतं, कधी बंद पडेल सांगता येत नाही, आणि गेलं की सेव्ह पण गेला.

घरात भाऊ-बहिणी असतील तर अजून एक. स्टीम फॅमिलीजमध्ये एका घरातले सहा जण लायब्ररी (विकत घेतलेले गेम) वाटून घेऊ शकतात, दोघं एकाच वेळी वेगवेगळे गेम खेळू शकतात. मग एकानं रिमास्टर घ्यायचा, दुसऱ्यानं नवीन. फक्त ज्याला घेताय तो खरंच घरातला असू दे, कारण निघाल्यावर ती जागा वर्षभर अडकते, आणि सगळेच गेम वाटता येत नाहीत, स्टोअरच्या पानावर फॅमिली शेअरिंग लिहिलंय का ते बघा.

ठरलं तर मग सुरुवात अशी करा

ओब्लिव्हियन घेतलात तर गटारातून बाहेर पडायच्या दारापाशी गेम विचारतो की जात, वर्ग (लढवय्या, जादूगार असा पात्राचा प्रकार), रास बदलायची का, तिथं एक वेगळा सेव्ह करून ठेवा, पुढं कधी नव्या पात्रानं खेळायचं झालं तर सुरुवात परत करावी लागत नाही. शत्रू लेव्हलप्रमाणं वाढतात म्हणून क्वाच शहराचं युद्ध लवकर, कमी लेव्हललाच उरकून टाका, नंतर ते उगाच जड जातं.

एक्सपिडिशन ३३ घेतलात तर अवघडपणाच्या तीन पातळ्या आहेत, सगळ्यात सोपीवर सुरू करायला हरकत नाही, कधीही बदलता येते. शत्रूच्या पाळीला बरोबर वेळी बटण दाबून वार चुकवायचा किंवा परतवायचा असतो, चुकवायला वेळ थोडा जास्त मिळतो म्हणून आधी चुकवणं शिका, परतवणं नंतर. टीव्हीवर खेळणार असाल तर टीव्हीचा गेम मोड चालू करा, आणि ब्लूटूथ हेडफोन काढून वायरचे लावा, कारण ब्लूटूथचा आवाज किंचित उशिरा येतो आणि वाराचा अंदाज आवाजावरच असतो. पिक्टो (पात्राला घालायची, खास गुण देणारी वस्तू) चार लढाया घालून ठेवला की त्याचा गुण कायमचा शिकता येतो, त्यामुळं ते सारखे बदलत राहा.

बाल्डर्स गेट ३ मध्ये वर्ग चुकला असं वाटलं तर तळावरच्या विदर्स ह्या पात्राला १०० सोन्याची नाणी द्या, तो बदलून देतो, नवीन गेम सुरू करायची गरज नाही.

आणि राहिलेला गेम विशलिस्टमध्ये टाका, किंमत उतरली की स्टीम मेल करतं, मोठे सेल उन्हाळ्यात जूनच्या शेवटाला आणि डिसेंबरमध्ये लागतात. तुमचं मशीन आज ज्याला कमी पडतंय तोच विशलिस्टमध्ये ठेवा, कारण तोवर पॅच (चुका सुधारणारे अपडेट) येतात, गेम सुधारतो, आणि तुमचा लॅपटॉप पण कदाचित बदललेला असतो.